गडी, विकेट, फिल्डिंग: मैदानातला शब्द बोलीत येताना कोणाला कोणती जागा देतो

प्रश्न असा आहे: कुस्ती, खो-खो, क्रिकेट यांतले शब्द रोजच्या बोलण्यात कसे शिरतात, त्यांना बाईपणाचे-पुरुषपणाचे अर्थ कुठून चिकटतात, आणि बातमी लिहिणाऱ्याने, समालोचकाने किंवा प्रशिक्षकाने याबाबत नेमके काय करावे?

माझे उत्तर आधी सांगतो, मग तपशील. बाई-पुरुष हा भेद शब्दाच्या पोटात क्वचित असतो. शब्द मैदानातून उचलताना आपण कोणाला कोणती जागा देतो, त्यात तो असतो. खेळणारा कोण, चेंडू कोण, बक्षीस कोण, आणि रेषेबाहेर उभे राहून टाळ्या वाजवणारे कोण. त्यामुळे 'हे शब्द वापरा, हे टाळा' अशी यादी फार दिवस टिकत नाही. तपासावे लागते ते वाक्य.

सगळेच शब्द मैदानाबाहेर पडत नाहीत. कुस्तीत ढाक, कलाजंग, घिस्सा, भारंदाज, मोळी, एकेरी पट, दुहेरी पट असे कितीतरी डाव आहेत, पण निवडणुकीच्या बातमीत पोहोचला तो धोबीपछाड. त्याच्या नावातच चित्र आहे: कपडा खांद्यावरून दगडावर आपटावा तसा समोरचा मल्ल खांद्यावरून खाली. तालमीत कधी पाऊल न ठेवलेल्यालाही तो डोळ्यांपुढे उभा राहतो. ढाक कळायला हाताची पकड, कमरेचा वळसा आणि पायाची जागा माहीत हवी, म्हणून ढाक तालमीतच राहिला. क्रिकेटमध्येही तेच. गुगली, बाउन्सर, यॉर्कर, फुलटॉस बोलीत आले; फ्लिपर आणि लेगकटर आले नाहीत. अंदाज चुकणे, गोष्ट डोक्यावरून जाणे, आयती संधी मिळणे या अवस्था रोज येतात आणि त्यांना शब्द लागतो. चेंडूवरची बोटांची पकड कोणाच्या रोजच्या जगण्यात येत नाही.

शब्द बोलीत मुरला की नाही, हे ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे क्रियापद. खो-खोत खो 'देतात': बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हटले की पाठलाग त्याच्याकडे जातो. रोजच्या बोलण्यात मात्र खो 'घालतात', म्हणजे दुसऱ्याच्या कामात अडथळा आणतात. सरकारी कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर माणसाला पाठवतात तिथे मूळचा 'खो देणे' शाबूत आहे. एकाच शब्दाचे दोन जवळजवळ उलटे अर्थ झाले आणि ते क्रियापदाने वेगळे ठेवले. 'राज्य' पाहा. लपाछपीत राज्य येते ते शिक्षा म्हणून. बोलीत 'आता माझ्यावर राज्य आलं' म्हणजे नको असलेली जबाबदारी गळ्यात पडली. 'लोण' तर इतके दूर गेले की आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या ओलांडून परत आणायचे लोण आज कोणाच्या ध्यानातही नसते, आणि फॅशनचे लोण खेड्यापाड्यांत खुशाल पोहोचते.

आता कोणत्या खेळांचे शब्द कुठे गेले ते पाहू. इथे मोठी फूट दिसते. तालीम, आखाडा, डावपेच, चारी मुंड्या चीत, अस्मान दाखवणे, शड्डू ठोकणे, नुरा कुस्ती हे सगळे सार्वजनिक जीवनात गेले: निवडणूक, कोर्टकज्जे, सहकारी संस्थांचे राजकारण. तालमीत बायकांना परंपरेने प्रवेशच नव्हता. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेली लाल माती पुरुषांची, आणि तिथून निघालेला शब्दही आधी पुरुषांच्या भांडणाला लागला. मंगळागौरीच्या झिम्मा, फुगडी, पिंगा यांचे काय झाले? डोक्यात विचार पिंगा घालतात, आठवणी भोवती फेर धरतात. हे सुंदर प्रयोग आहेत, पण ते सगळे मनातले किंवा घरातले. त्याचे एक कारण खेळाच्या रचनेत आहे. या खेळांत दम आणि लय यांची कसोटी लागते, पण गुण मोजत नाहीत, शेवटी कोणाची पाठ जमिनीला टेकत नाही. हारजीत दाखवायला शब्द हवा तेव्हा ते हाताशी येत नाहीत. दुसरे कारण मात्र रचनेतले नाही. 'हा काय भातुकलीचा खेळ वाटला?' असे आपण म्हणतो तेव्हा मुलींचा खेळ हे हलकेपणाचे माप झालेले असते. विटीदांडूही पोरखेळच, पण हलकेपणा दाखवायला आपण सहसा भातुकलीच पुढे करतो.

कुस्तीतला एक गट वेगळा ठेवायला हवा: लंगोटाचा. 'लंगोटाचा पक्का' म्हणजे परस्त्रीकडे न पाहणारा, 'लंगोट सैल' म्हणजे उलट. मल्लाने ब्रह्मचर्य पाळावे, त्यावर ताकद टिकते, ही तालमीतली समजूत या प्रयोगांच्या मुळाशी आहे. पुरुषाच्या चारित्र्याला असा खेळातला शब्द मिळाला. बाईच्या चारित्र्याला खेळातला शब्द नाही. तिथे पदर येतो. पदर ढळतो, आणि कामाला भिडायचे तर तोच खोचतात. 'लंगोट कसून उतरला' आणि 'पदर खोचून उभी राहिली' ही एकाच तयारीची दोन रूपे आहेत. महिला मल्लाबद्दल लिहिताना यांतले एकही बसत नाही. तिथे 'कंबर कसली' वापरावे. ते दोघांनाही चालते आणि कोणाच्या कपड्यांत शिरत नाही.

याउलट 'शड्डू ठोकला' आता सर्रास स्त्री उमेदवारांच्या बातमीत येतो आणि कोणाला खटकत नाही. मांडीवर थाप मारण्याचे चित्र पुसट झाले आहे, उरले आहे ते आव्हान. अशा शब्दांच्या मागे लागू नये. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ पासून चालत आला आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा केसरीची सिंहीण करायची गरज पडली नाही. चांगलेच झाले. किताबाचे नाव बदलले असते तर मुलींचा किताब दुय्यम ठरला असता.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा शब्द 'गडी'. मुलांच्या खेळात गडी वाटून घेतात, बोलीत 'नवा गडी नवे राज्य' आहे, क्रिकेटच्या बातमीत '५ गडी बाद' आणि '७ गडी राखून विजय'. खेळाबाहेर गडी म्हणजे पुरुष माणूस किंवा शेतावरचा, घरचा नोकर. गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी, ही गावाकडची भाषा आजही जिवंत आहे. म्हणजे जो शब्द शेतात बाईच्या विरुद्ध बाजूला उभा असतो, तोच महिलांच्या सामन्यात अकरा जणींना लावला जातो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या सामन्याबद्दल 'दीप्ती शर्माने ५ गडी बाद केले' हे वाक्य पाहा. बाद झालेल्या पाचही जणी बायका आहेत आणि वाक्यात एकही बाई दिसत नाही.

'गडी' हद्दपार करावा असे माझे म्हणणे नाही. मातीतला शब्द आहे, आणि खेळाच्या चौकटीत 'संघातला एक' एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. पण महिलांच्या सामन्यात त्याला सोपे पर्याय आहेत आणि तेही जुनेच: 'दीप्तीने ५ बळी घेतले', '७ विकेट राखून', धावफलकात नुसते '५ बाद १५०'. शेवटच्या रूपात तर शब्दच वाचतो, मथळ्यात जागा होते.

इंग्रजीची अडचण निराळी होती. तिथे 'बॅट्समन'मध्ये पुरुष उघड बसलेला. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसी या क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये खेळाच्या नियमांत त्याजागी 'बॅटर' आणले. मराठीत 'फलंदाज' आणि 'गोलंदाज' यांत तसे काही नाही. त्यातला फारसी 'अंदाज' म्हणजे फेकणारा. गोलंदाज हा मुळात तोफेचा गोळा डागणारा सैनिक, त्याच्या धर्तीवर फलंदाज. 'मेडन ओव्हर'मधली कुमारिकाही मराठीत आली नाही. 'निर्धाव षटक' म्हणजे धाव न निघालेले षटक, बस. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या आकाशवाणीवरच्या समालोचकांनी असे शब्द घराघरांत नेले, त्याचा हा फायदा आजही मिळतो आहे.

मराठीची अडचण लढाईच्या भाषेत आहे. सलामीवीर, शतकवीर, सामनावीर, मधली फळी, किल्ला लढवला, खिंड लढवली, धुव्वा उडवला. क्रिकेटचे वार्तांकन आपण मराठ्यांच्या युद्धाच्या शब्दांत करतो. हे शब्द मला आवडतात, त्यांत जोर आहे. पण स्त्री खेळाडू आली की लिहिणारा गोंधळतो आणि वीराच्या जोडीला रणरागिणी, वाघीण, दुर्गा, झाशीची राणी शोधायला लागतो. पुरुषाने शतक केले की ते शतक असते. बाईने केले की अवतार असतो. गौरव करायच्या भरात आपण सांगतो की हे नेहमीचे नव्हे, चमत्कार आहे. शिवाय त्या शब्दांच्या गर्दीत खेळ दिसेनासा होतो: कोणत्या चेंडूवर, कोणत्या बाजूला, किती धावा. उपमा काढून तिथे आकडा आणि फटका लिहा, वाक्य आपोआप बळकट होते. 'रणरागिणी शफाली'पेक्षा 'अंतिम सामन्यात ८७ धावा करणारी सलामीची फलंदाज शफाली वर्मा' यात अधिक आदर आहे. 'सामनावीर' मात्र राहू द्यावा. 'शफाली सामनावीर ठरली' हे वाक्य कानाला कुठेही अडत नाही.

ते अडत नाही याचे श्रेय मराठी व्याकरणाला. क्रियापद आणि विशेषण लिंग दाखवतात, म्हणून नामाला शेपूट लावायची गरज पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हींचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते. 'कर्णधार प्रियांका इंगळे आनंदली', 'कर्णधार प्रतीक वाईकर आनंदला': कर्णधार तोच, काम क्रियापदाने केले. 'फलंदाजीण', 'यष्टिरक्षिका', 'पंचीण' असली रूपे घडवू नयेत. चूक इथे नेहमी एकाच प्रकारची होते. नाम सामान्य ठेवतात आणि क्रियापदही सवयीने पुल्लिंगी जाते: 'यष्टिरक्षक झेप घेतो, चेंडू पकडतो', आणि समोर खेळत असते ती. समालोचनात वर्तमानकाळी वाक्ये भराभर येतात, म्हणून ही चूक तिथे सर्वाधिक होते. उपाय साधा आहे: चेंडू टाकला जाण्यापूर्वीच्या वाक्यात खेळाडूचे नाव घ्यावे, मग जीभ क्रियापद बरोबर लावते.

याच्याशी जोडलेला एक गैरसमज दूर करायला हवा. विकेट, बॅट, मॅच, कुस्ती, चढाई हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, बॉल आणि चेंडू पुल्लिंगी. यावरून 'विकेट स्त्रीलिंगी म्हणून ती पडते' अशी मांडणी काही जण करतात. ती टिकत नाही. खुर्ची स्त्रीलिंगी आहे म्हणून बाई होत नाही. व्याकरणातले लिंग आणि समाजातले बाईपण वेगळे ठेवले नाही, तर खरा प्रश्न हातातून सुटतो.

खरा प्रश्न प्रेम आणि लग्न यांच्या बोलीत आहे. मित्राचे लग्न ठरले की म्हणतात, 'याची विकेट पडली.' यात गृहीत काय आहे? पोरगा इतका वेळ फलंदाजी करत होता, म्हणजे मोकळेपण हा त्याचा डाव. लग्न म्हणजे बाद होणे. नवरीबद्दल हे सहसा कोणी म्हणत नाही. तिच्यासाठी 'उजवली', 'खपली', 'दिल्या घरी गेली' आहेत. तिचा डाव कधी सुरूच झाला नव्हता, मग संपणार कुठून? 'क्लीन बोल्ड' याहून फसवा. 'अमुक अमुकीवर क्लीन बोल्ड' या मथळ्यात वरवर बाई गोलंदाज दिसते, पण तिने टाकलेले काही नसते. तिचे दिसणे हाच चेंडू. गोलंदाजी म्हणजे टप्पा, दिशा, मनगट, वर्षानुवर्षांचा सराव. हे सगळे वजा करून उरते ते या मथळ्यात असते. एखाद्या खऱ्या गोलंदाज स्त्रीच्या लग्नाच्या बातमीत 'अखेर घेतली त्याची विकेट' असे लिहिले, तर तिने मैदानात घेतलेल्या बळींची किंमत त्या एका शब्दाने उतरते. अशा बातमीत खेळाचा शब्द नकोच. लग्न झाले, एवढे लिहावे.

'फिल्डिंग लावणे' हा मराठीने कमावलेला खास प्रयोग. मैदानात कर्णधार फिल्डिंग लावतो: फलंदाज कुठे मारेल याचा अंदाज घेऊन माणसे आधीच उभी करतो. राजकारणात हाच अर्थ नेमका उतरला आहे. मंत्रिपदासाठी, बदलीसाठी, तिकिटासाठी फिल्डिंग लावतात. बोलणाऱ्याने स्वतःला कर्णधाराच्या जागी ठेवले आहे आणि झेल म्हणजे पद. बाई असो वा पुरुष, कोणीही लावावी. कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र 'तिच्यासाठी फिल्डिंग लावलीय' याचा अर्थ असा की ती ज्या वाटेने येते त्या वाटेवर, बसथांब्यावर, क्लासच्या दारात मुले उभी आहेत. शब्द तोच, क्रियापद तेच, पण झेलायची वस्तू आता माणूस आहे. आणि जे वर्णन केले जाते ते खेळाच्या रंगात रंगवलेले पाठलागाचे वर्णन आहे. मुलीने स्पष्ट नकार दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणे, संपर्क साधत राहणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांनी हा शब्द ऐकला तर हसून सोडू नये. 'कोणासाठी, कुठे, आणि तिला ते हवे आहे का?' हे तीन प्रश्न तिथेच विचारावेत. शब्दाला बंदी घालून उपयोग होत नाही. जागा कोणाची, हे विचारले की बोलणारा स्वतः अडखळतो.

'प्लेअर' अगदी ताजा. 'तो प्लेअर आहे' यात कौतुक मिसळलेले असते, 'ती प्लेअर आहे' यात थेट बदनामी. असा शब्द तपासायला कर्त्याचे लिंग बदलून पाहा. अर्थ तोच राहिला तर शब्द निरुपद्रवी. अर्थ उलटला तर तो शब्द माणसाबद्दल नसून बाईबद्दलच्या आपल्या अपेक्षेबद्दल बोलतो आहे. शड्डू, आखाडा, गुगली या कसोटीवर उतरतात. विकेट आणि प्लेअर उतरत नाहीत.

बुद्धिबळाबद्दल थोडे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात महिला विश्वचषक जिंकला. अशा वेळी 'बुद्धिबळाची राणी' लिहायचा मोह होतो. मराठी पटावर राणी नाहीच. राजाशेजारी वजीर असतो आणि प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा वजीर होतो. राणी इंग्रजी पटावरून किंवा पत्त्यांतून येते, आणि पत्त्यांत ती राजाच्या खाली. 'ग्रँडमास्टर दिव्या' हे तिने मिळवलेले आहे, तेच लिहावे.

प्रशिक्षकांसाठी शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत तातडीचा भाग. 'पोरीसारखा फेकतोस', 'बांगड्या भर', 'बायकी खेळतोय' हे मैदानावर रोज बोलले जाते. यातून मुलाला काय सुधारायचे ते कळत नाही आणि शेजारी सराव करणाऱ्या मुलीला मात्र आपली जागा कळते. ज्याला पोरीसारखी फेक म्हणतात ती न शिकलेली फेक असते. उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे येतो, छाती लक्ष्याकडे सरळ राहते, कोपर बरगडीजवळ खाली पडते आणि जोर फक्त कोपरापुढच्या हाताचा लागतो. चांगल्या उजव्या मुलाला डाव्या हाताने फेकायला सांगा, तोही बहुधा असाच फेकेल. सुधारणा अशी: डावा खांदा लक्ष्याकडे करून आडवे उभे राहा, डावा पाय लक्ष्याकडे टाका, कोपर खांद्याच्या रेषेत आणा, आधी कंबर वळू द्या, मग खांदा, शेवटी हात. सुरुवातीला १० मीटरवरून संथ फेकी, दिशा जमली की अंतर वाढवा. जोर आधी मागितला तर कोपर पुन्हा पडते आणि खांदा दुखायला लागतो. ओरडायचेच असेल तर 'कोपर वर!' ओरडा.

'मर्दासारखी खेळलीस' ही शाबासकीही त्याच घरातली. कबड्डीत मुलीची चढाई चांगली झाली तर काय चांगले झाले ते सांगा: दम टिकला, बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय उचललेला होता, परतताना पकड चुकवली. आशियाई स्पर्धांत महिला कबड्डी २०१० पासून आहे आणि त्याच वर्षी भारतीय मुलींनी सुवर्ण आणले. तरीही कबड्डीला 'मर्दानी खेळ' म्हणायची सवय सुटलेली नाही.

असे शब्द टिपून ठेवायचे असतील, भाषेच्या अभ्यासासाठी किंवा वृत्तपत्राच्या शैलीपुस्तिकेसाठी, तर नुसता शब्द आणि अर्थ लिहू नका. प्रत्येक नोंदीत खेळातले क्रियापद, बोलीतले क्रियापद, कर्ता कोण, कर्म कोण, कुठे आणि कधी ऐकले एवढे हवे. 'फिल्डिंग लावणे'ची नोंद अशी होईल. मैदानात: कर्णधाराने क्षेत्ररक्षक उभे करणे. बोलीत, पहिला अर्थ: पद वा काम मिळवण्यासाठी आधीपासून माणसे जोडून ठेवणे, कर्ता कोणीही, कर्म पद. दुसरा अर्थ: मुलीच्या वाटेवर थांबणे, कर्ता बहुधा मुलगे, कर्म मुलगी. या दुसऱ्या अर्थापुढे 'विनोदी' ही खूण लावू नका, 'पाठलाग' लिहा.